एक किलोचा लॅपटॉप मी कसा विकला

अन्याय झाला तो देपालपूरच्या ज्योती पाटीदारवर. यंदाच्या जूनमधला दुसरा मंगळवार, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटं. वेळ अंदाजाने सांगत नाही, बिलावर छापलेली आहे. ठिकाण इंदूरच्या पलासियातलं लॅपटॉपचं दुकान, काउंटर दोन. अन्याय करणारी व्यक्ती मी.

दुसऱ्या कुणी केला असता तर त्याच संध्याकाळी मी त्याच्यावर पत्रक काढलं असतं.

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी नोकरीतला अनुभव लिही असं संपादक काकूंनी सांगितलं, तेव्हा वर म्हणाल्या, "छान लिही गं, सणाचा अंक आहे." छान म्हणजे काय ते मला कळतं. कुणाला बोचेल असं लिहू नकोस. काकू, माफ करा. शेवट चांगला आहे एवढं सांगते, पण तिथपर्यंत बोचणार.

मी सत्तावीस वर्षांची. आमच्याकडे होळकरांच्या काळापासून सगळी टेबलाच्या त्या बाजूला बसणारी माणसं. पणजोबा दफ्तरात, आजोबा शाळेत, बाबा बँकेत. मी दुकानात लागले तेव्हा बाबा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांचा प्रिंटर बंद पडला, मग बोलले. सोमवार ते शनिवार मी लॅपटॉप विकते. रविवारी आमच्या छोट्याशा ग्राहक मंडळाची पत्रकं वाटते. सिलिंडर दारात तोलून घ्या. मिठाई घेताना डबा वेगळा तोलायला सांगा. पत्रकं लिहायला कॉलेजात शिकले, होस्टेलच्या पिवळ्या पाण्यावर. तेव्हापासून हात थांबलेला नाही.

चार वर्षं रविवारी लोकांना सावध केलं आणि सोमवारी त्याच लोकांना माल विकला. यात काही चुकतंय असं एकदाही मनात आलं नाही. सिलिंडर वेगळा, लॅपटॉप वेगळा. आपलं सोडून बाकी सगळ्यांचं आपल्याला स्वच्छ दिसतं.

आता धंदा समजावून सांगते, कारण बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही.

लहान, हलका लॅपटॉप विकण्याची एक रीत आहे. ग्राहकाच्या हातात तो आधी द्यायचाच नाही. आधी सगळ्यात जाडजूड, अडीच-पावणेतीन किलोचा द्यायचा. "घ्या ना सर, बघा तर." ग्राहक दोन्ही हातांनी तोलतो, कपाळाला आठ्या पडतात. मग आपण सहज वळून, अंगठा आणि दोन बोटांत धरून, छोटा लॅपटॉप काढायचा आणि त्याच्या तळहातावर ठेवायचा. चेहरा लगेच उजळतो. "अरे, हा तर वहीसारखा आहे!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की मी मनातल्या मनात त्याच्याबरोबर म्हणते. आमचे मालक नीरजजी या रीतीला "थाली का क्रम" म्हणतात. "दिघे मैडम, पहले करेला परोसो, फिर श्रीखंड."

श्रीखंडात काय आहे ते मात्र कुणी विचारत नाही.

हलके लॅपटॉप दोन जातींचे असतात. एक महाग. पातळ, देखणे, आत सगळं भरभक्कम. त्यांची अडचण एवढीच की ते बंद डबीसारखे असतात, नंतर आत काही वाढवता येत नाही. घेताना पुढच्या पाच वर्षांचा विचार करूनच घ्यायचे. दुसरी जात स्वस्त. तेही हलके, तेही पातळ, पण ते हलके होतात काढून टाकून. पंखा काढला. मोठी बॅटरी काढली, कारण कमी कामाला छोटी पुरते. प्रोसेसर साधा बसवला. रॅम, म्हणजे काम करताना लॅपटॉप ज्या टेबलावर कागद पसरतो ते टेबल, एवढंसं ठेवलं आणि मदरबोर्डला डाग देऊन पक्कं केलं, की कधी मोठं करता येऊ नये. कपाट, म्हणजे स्टोरेज, तेही छोटं आणि तेही डाग दिलेलं. त्यातलं निम्मं कपाट विंडोज आल्याआल्या स्वतःच भरून टाकतं. उरलेल्यात वर्षभराचे अपडेट मावेनासे होतात. ग्राहक म्हणतो, "मी तर काहीच ठेवलं नाही!" खरंच ठेवलेलं नसतं.

मग असे लॅपटॉप घ्यावेत की नाही? लोक लग्नातही मला बाजूला घेऊन हे विचारतात. सरळ उत्तर असं की काहींनी जरूर घ्यावेत. आमच्या वसाहतीतले रेगेकाका, वय पंचाहत्तर, यांना मीच दिला. ते दिवसभर फक्त टाइप करतात. जुन्या मोडी कागदांचं लिप्यंतर. दोन वर्षं झाली, एक तक्रार नाही. परवा म्हणाले, "तापत नाही, आवाज करत नाही, मधेच बोलत नाही. तुझ्या काकू म्हणतात, तुमच्यापेक्षा हा बरा." एक औषधविक्रेता आहे, दिवसातून दहा दवाखान्यांच्या जिन्यांवर चढतो. त्याला तर वजनच महत्त्वाचं. एक बाई आल्या होत्या, त्यांना लॅपटॉप पर्सच्या रंगाला जुळणारा हवा होता. दोन तास बसल्या. शेवटी लॅपटॉप पसंत पडला आणि दुसऱ्या दिवशी त्याला जुळणारी नवी पर्स घेऊन दाखवायला आल्या. त्याही खूश आहेत. तेव्हा यंत्राला शिव्या देणारं पत्रक मी लिहिणार नाही.

आता ज्योती.

ती आणि तिचे वडील सकाळच्या बसने आले होते. ज्योती एकवीस-बावीसची, आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केलेली. म्हणजे मशीनच्या भागांचे नकाशे काढायचे, मापांसकट, कम्प्युटरवर. वडील देपालपूरच्या मंडीत तुलावटी आहेत. गव्हाची, सोयाबीनची पोती तोलणं हे त्यांचं काम. माणूस शांत. मी थाली का क्रम लावला. जड दिला, मग हलका दिला. त्यांनी तो तळहातावर घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "एक किलो, ऊपर सौ-डेढ़ सौ ग्राम." खोक्यावर बघितलं, तंतोतंत. मी टाळ्या वाजवल्या.

ते हसले नाहीत. म्हणाले, "मैडम, हमारे यहाँ तो दाना भरा हो तो वज़न देता है. ये इतना कम क्यूँ है?"

आणि मी हसले. चार वर्षांत इतका बरोबर प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मी हसले. म्हणाले, "अंकलजी, ये गेहूँ थोड़ी है. कम्प्यूटर में उल्टा होता है, जितना कम उतना बढ़िया."

ज्योतीने पर्समधून घडी घातलेला कागद काढला. आयटीआयच्या सरांनी लिहून दिलेला, ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर कोणतं, रॅम किती हवी, जागा किती हवी. तिने तो माझ्यासमोर काउंटरवर उलगडून धरला. मी बघितला. वाचला नाही, बघितला. त्या लहान लॅपटॉपचा जुना स्टॉक आठवड्याच्या आत काढायचा असं नीरजजींनी सकाळीच सांगितलं होतं. मी कागद परत तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "सब चलेगा."

दोन शब्द. पत्रकात मी याला फसवणूक म्हटलं असतं. दुकानात याला बोलणं म्हणतात.

तीन आठवड्यांनी ज्योती एकटी आली. लॅपटॉप माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "दीदी, ये भर गया. मैंने तो कुछ रखा ही नहीं."

सॉफ्टवेअर उतरवायलाच जागा नव्हती. कुणीतरी जुनी आवृत्ती दिली होती ती कशीबशी चढली, पण एक साधा पंपाचा भाग उघडला की पडदा गोठायचा. माउस हलवला की रेघ चहा पिऊन यायची. मी नेहमीचं केलं, हे पुसलं, ते बंद केलं. काही उपयोग नाही. मागच्या खोलीत असलमभाई बसतात, आमचे दुरुस्तीचे उस्ताद. त्यांनी मागचं झाकण उघडलं आणि मला बोलावलं.

"देख लो दिघे मैडम. क्या ढूँढ रिये हो? रॅम की खिड़की है ही नहीं. सब चिपका के भेजा है."

"काहीच नाही का होणार, भाई?"

"हो सकता है. इसको बेच के दूसरा ले लो," ते म्हणाले आणि झाकण लावलं.

मग ज्योतीने सांगितलं की घाई का आहे. सांवेर रोडवर एक कारखाना आहे, पंपांचे भाग करतात. तिथे ड्राफ्ट्समनची जागा निघाली होती. त्यांनी तिला तीन भाग दिले होते, त्यांची मापं घेऊन नकाशे काढून आणायचे, आणि मग त्यांच्यासमोर बसून चौथा काढायचा. आपल्याच लॅपटॉपवर. लहान कारखान्यांत अशीच पद्धत आहे. यंत्र उमेदवाराचं, खुर्ची त्यांची. मुदत पुढच्या सोमवारपर्यंत. त्या दिवशी बुधवार होता. त्या जागेसाठी आलेल्यांत ती एकटी मुलगी. तिथल्या फोरमनने तोंडावर म्हटलं होतं, "लड़कियाँ बहाने बहुत बनाती हैं." आता ती सोमवारी जाऊन सांगणार, लॅपटॉप चालत नाही. झालं. बहाणा.

नीरजजी केबिनमधून बाहेर आले. माणूस वाईट नाही, पण खोकं उघडलं की त्यांचा आवाज बदलतो. "बेटा, खुला माल वापस नहीं होता. बिल के पीछे लिखा है."

ज्योती त्यांच्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघून तिने विचारलं, "दीदी, मैंने कागज़ दिखाया था ना?"

मी होय म्हणाले. एवढं तरी म्हणाले.

त्या संध्याकाळी घरी जाऊन मी जे मला येतं ते केलं. पत्रक लिहिलं. सणसणीत. "पलासियात दिवसाढवळ्या," अशी सुरुवात. स्वतःचं नाव टाकलं, मोठ्या अक्षरात, कारण तसं केल्याने बरं वाटतं. सकाळी ज्योती पुन्हा आली, काही मार्ग निघाला का ते विचारायला. मी तिला पत्रक वाचून दाखवलं, हिंदी करून. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "अच्छा लिखा है दीदी. इससे मेरी ड्रॉइंग बन जाएगी क्या?"

इतक्या साध्या प्रश्नाने मला कधी कुणी पाडलं नव्हतं.

दुपारी तिच्या वडिलांचा फोन आला. ज्योतीने त्यांना काही सांगितलं नव्हतं, पण मुलगी लागोपाठ दोन दिवस बसने दुकानात का जातेय हे त्यांना कळत होतं. "मैडम, माल में कुछ खोट निकली क्या?"

मी म्हणाले, "अंकलजी, माल में नहीं. मैंने गलत बोला था. आपने पूछा था, इतना कम क्यूँ है. मुझे पता था क्यूँ है."

मागे मंडीतला गलका ऐकू येत होता. मला वाटलं आता शिव्या घालतील, घालाव्यात. ते म्हणाले, "हमसे तौल में गलती हो जाए ना मैडम, तो बोरा वहीं वापस काँटे पे चढ़ता है. सबके सामने. फिर जो निकले सो निकले. आप भी चढ़ा दो." आणि फोन ठेवला.

त्यात राग नव्हता. मंडीतली रीत सांगितली त्यांनी. तुलावट्याची चूक झाली तर तो कोपऱ्यात जाऊन शेतकऱ्याची समजूत काढत नाही. सगळ्यांदेखत पोतं उतरवतो आणि पुन्हा तोलतो. त्यात त्याची इज्जत जात नाही; उलट तसं केलं नाही तर जाते. आमच्या धंद्यात अशी रीतच नाही. आमच्याकडे चूक झाली की बिल उलटं करून मागची बारीक अक्षरं दाखवतात.

मी उठले आणि पुन्हा तोलायला लागले. म्हणजे काय केलं, तर ज्योती सकाळपासून दुकानातच थांबली होती, तिच्याकडून तो घडीचा कागद मागून घेतला आणि या वेळी वाचला. मग दुसरा कोरा कागद घेतला आणि तिला म्हणाले, तू लॅपटॉपवर सकाळी बसलीस की उठेपर्यंत काय काय करणार ते क्रमाने सांग. तिने सांगितलं. नकाशे, नकाशे, नकाशे. बस किंवा प्रवास नाही, टेबल सोडायचं नाही, प्लग कायम जवळ. वजनाचा संबंध कुठेच आला नाही! ज्या एका गुणावर मी तिला यंत्र विकलं, त्या गुणाचा तिला कवडीचा उपयोग नव्हता.

आणि त्याच वेळी मला गायधनी मॅडम आठवल्या.

माधुरी गायधनी मूळच्या नाशिकच्या, तीन वर्षांपूर्वी नोकरीसाठी इंदुरात आलेल्या. सरकारी शाळांत जाऊन शिक्षकांना प्रशिक्षण देतात. आज सांवेर, उद्या देपालपूर, परवा महू, सगळं बसने. त्यांच्याकडे नवऱ्याचा जुना लॅपटॉप. नवरा गेम खेळणारा, त्याने नवा घेतला आणि जुना यांच्या गळ्यात घातला. तीन किलोला टेकलेला आणि चार्जर म्हणजे वीट. त्यांच्या खांद्याला डॉक्टरांनी पट्टा लावला होता. महिन्यातून एकदा असलमभाईंकडे बिजागरी घट्ट करायला यायच्या आणि प्रत्येक वेळी म्हणायच्या, "हे मी नवऱ्याच्या डोक्यात घालणार आहे एक दिवस, मग तुम्ही साक्षीला या."

मी फोन केला. सगळं सांगितलं, माझ्या खोटेपणासकट. अदलाबदल कराल का?

"दिघे," त्या म्हणाल्या, "तुम्ही एकीला जे खोटं बोलून विकलंत, ते आता मला देताय?"

"हो. पण या वेळी काय काय चालत नाही ते आधी सांगते."

"सांगू नका. मी बघते."

मला वाटलं होतं, त्या येतील, बघतील, हो म्हणतील. त्या शुक्रवारी आल्या आणि म्हणाल्या, दोन दिवस वापरून बघितल्याशिवाय मी कशालाही हात लावत नाही. दोन दिवस! सोमवारी ज्योतीची परीक्षा. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि बरोबर म्हणण्यापुढे घाई चालत नाही हे मी आदल्याच दिवशी शिकले होते. असलमभाईंनी तोड काढली. "अरे तो दोनों आज ही बदल लो ना. पक्का इतवार को करना." ज्योतीला मोठा लॅपटॉप दोन दिवस मिळाला. गायधनी मॅडमनी लहान घेतला. आपली कामं त्यांनी वहीत लिहून आणली होती, सात-आठ ओळी. स्लाइड दाखवणं, हजेरीचा फॉर्म भरणं, मेल, प्रोजेक्टरला जोडणं. म्हणाल्या, "एकेक करून बघणार. वजनाचं मला सांगू नका, खांदा सांगेल."

असलमभाईंनी दोन्ही यंत्रं तपासली आणि दोन कागदांवर लिहिलं, यात काय आहे, काय नाही, काय वाढवता येतं, काय नाही. मोठ्याची बॅटरी थकलेली, प्लगशिवाय तासभर चालेल. लहानात जागा कमी, फोटो साठवू नका, पेन ड्राइव्ह वापरा. दोघींनी दोन्ही कागद वाचले. खाली सही केली. मी त्या दुकानात चार वर्षं आहे, पण यंत्रात काय नाही हे कागदावर उतरलेलं मी पहिल्यांदा बघितलं.

रविवारी मी पत्रकं वाटायला गेले नाही. दुकानाला सुट्टी असल्यामुळे असलमभाईंच्या घरी सगळे जमलो. गायधनी मॅडम आल्याआल्या म्हणाल्या, "अक्षरं मुंगीएवढी दिसतात. चष्म्याचा नंबर वाढणार."

ज्योती खाली बघायला लागली.

"प्रोजेक्टरला जोडायला वेगळी पिन लागते, ती तुम्ही द्यायची. दोन खिडक्या एकदम उघडल्या की रुसतो." मग त्यांनी वही मिटली. "बाकी सगळं होतं. काल शनिवारी शाळेत दिवसभर प्लग शोधला नाही. आणि घरी येऊन मी पोळ्या केल्या. सहा महिन्यांनी. हे यंत्र माझंच आहे. तिचं नव्हतंच कधी. यंत्राला नावं ठेवू नका दिघे, चूक तुमची आहे."

"हो," मी म्हणाले.

"मग चहा कुठाय?"

तोपर्यंत ज्योतीने दोन दिवसांत तिन्ही भागांचे नकाशे पुरे केले होते. तिने ते मोठ्या पडद्यावर उघडून दाखवले. मला त्यातलं काही कळत नाही. पण पंपाचं ते चक्र ती बोटाने फिरवत होती, आतून, बाहेरून, कापून, आणि पडदा एकदाही थांबला नाही. असलमभाई म्हणाले, "मक्खन!" त्यांच्याकडून याहून मोठी पदवी मिळत नाही.

सोमवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिच्याबरोबर सांवेर रोडला गेले. गरज नव्हती. तिने मला विचारलंच, "दीदी, आप क्या करोगे वहाँ?" मी कारखान्याच्या फाटकासमोर चहाच्या टपरीवर दोन तास बसले. आतलं तिने नंतर सांगितलं. फोरमनने चौथा भाग टेबलावर आपटला. तिने लॅपटॉप सुरू केला, पंखा असा घोंगावला की फोरमन म्हणाला, "ये क्या है, आटा चक्की?" ती म्हणाली, "हाँ सर, पर बारीक पीसती है." शेजारच्या टेबलावरचे दोघे हसले, मग फोरमनही. भागाची मापं घेताना तिने त्यालाच विचारलं, हे भोक घासलेलं आहे, नकाशात मूळ माप टाकू की आत्ताचं? त्या प्रश्नावर तो खुर्ची ओढून बसला. तीन महिने ट्रायल मिळाली. ती तिने पुरी केली. हे लिहितेय तेव्हा ज्योती सांवेर रोडला पक्की नोकरीला आहे, आणि तोच फोरमन तिच्याकडून नकाशे तपासून घेतो.

आता दुकानाचं. मंगळवारी मी नीरजजींच्या टेबलावर माझं पत्रक ठेवलं आणि त्याच्या शेजारी असलमभाईंचे ते दोन कागद. म्हणाले, यातलं एक दुकानात लागेल. कोणतं ते तुम्ही ठरवा. नोकरी जाणार हे धरूनच गेले होते. त्यांनी दोन्ही वाचलं, चष्मा काढला, पुसला.

"पर्चे में दुकान का नाम नहीं डाला?"

"अजून नाही."

"धमकी दे रही हो?"

"हाँ जी."

ते हसले. "तुम मराठी लोग धमकी भी जी लगा के देते हो." मग बराच वेळ भांडण झालं, ते छापत नाही. शेवटी ठरलं की प्रत्येक लहान लॅपटॉपवर एक कागद चिकटवायचा. रॅम वाढते की नाही. पहिल्या दिवशी जागा किती मोकळी. कोणत्या कामाला चांगला, कोणत्या कामाला घेऊ नका. आणि काउंटरवर कोरे कागद ठेवायचे. ग्राहक आला की आधी त्याने आपला दिवस लिहायचा, मग यंत्र काढायचं. थाली का क्रम बंद.

पहिला महिना वाईट गेला. लोक कागद वाचायचे आणि यंत्र खाली ठेवून जायचे. नीरजजी माझ्याकडे बघून सुस्कारे टाकायचे. मग हळूहळू जे घ्यायला हवे होते तेच घेऊ लागले, आणि घेतलेले परत भांडायला येईनात. परवा नीरजजी म्हणाले, "बीपी की गोली आधी हो गई है मेरी." श्रेय मला दिलं नाही. चालेल. दोन दुकानं सोडून पलीकडच्या दुकानदारानेही तसाच कागद लावलाय, आमचाच उतरवून. त्याला मी मनापासून दुवा दिली.

एक गोष्ट मात्र नीरजजी अजून करत नाहीत, आणि हे लिहिण्याचं कारण तीच आहे. कागद यंत्रावर चिकटतो, बिलावर येत नाही. मी तीनदा विचारलं. त्यांचं उत्तर दर वेळी एकच, आणि खरं बोलायचं तर त्याला माझ्याकडे तोड नाही. "मैडम, बिल पे कोई माँगता ही नहीं. माँगेंगे तो लिख देंगे." यंत्रावरचा कागद सोलून निघतो. तोंडचं बोलणं तर बोलताबोलताच उडतं. ज्योतीच्या हातात त्या दिवशी बिलावर एक ओळ असती, "हे सॉफ्टवेअर यावर चालेल," तर नीरजजींना यंत्र बदलून द्यावंच लागलं असतं. किंवा त्याहून चांगलं, ती ओळ लिहायची वेळ आली असती तर माझा हात थांबला असता. खोटं बोलायला मला दोन शब्द पुरले होते. खोटं लिहायला मी धजले नसते.

म्हणून तुम्हाला सांगते. हा अंक हातात पडेल तोवर दिवाळीची खरेदी सुरू असेल. मुलीला, भाच्याला, स्वतःला हलका लॅपटॉप घ्यायला कुठल्याही दुकानात जाल तेव्हा घरूनच आपला दिवस एका कागदावर लिहून न्या. आणि बिलावर तीन गोष्टी दुकानदाराच्या हाताने लिहून मागा: रॅम नंतर वाढेल की नाही, आज जागा किती मोकळी आहे, आणि कागदावरची माझी कामं यावर चालतील. खाली सही, शिक्का. विनंती करू नका, मागा. लिहून देत नसेल तर खुर्चीवरून उठा आणि बाहेर या. काउंटरच्या पलीकडे मी उभी असले तरी उठा.